आर्थिक गुन्ह्यांचा तपास: आधी पैसा, मग अटक

प्रश्न असा आहे: "मी बी.कॉम. झाले आहे, कल्याणला राहते. मला आर्थिक घोटाळ्यांचा तपास करणारी सरकारी अधिकारी व्हायचं आहे. सीए करू की एमपीएससी? ईडी बरी की मुंबई पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा? रोजचं काम नेमकं काय असतं? आणि माझ्या काकांचे पैसे एका गुंतवणूक योजनेत अडकलेत, ते परत मिळतात का?"

मी मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि नोकरीचा मोठा काळ आर्थिक गुन्हे शाखेत तपास अधिकारी म्हणून काढला. तुझ्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलते. रोजच्या कामापासून सुरुवात करते, कारण ते नीट समजलं तर परीक्षा कोणती द्यायची हे तुझं तुलाच ठरवता येईल.

बातम्यांतून हे काम म्हणजे धाड आणि अटक असं दिसतं. तोंडावर रुमाल बांधलेला आरोपी, दोन्ही बाजूंना पोलीस, झाला तपास. प्रत्यक्षात आर्थिक गुन्ह्यात घाईने केलेली अटक तपासाच्या मुळावर येते. अटक झाली आणि पहिली रिमांड मिळाली की कायद्याचं घड्याळ सुरू होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवसांत आणि बाकी गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हावं लागतं. नाही झालं तर आरोपीला जामीन हा हक्क म्हणून मिळतो. आता विचार कर, गुंतवणूकदार हजारो, बँक खाती शेकडो, कंपन्या तीन राज्यांत, आणि हातात ६० दिवस. नुसतं फसवणुकीचं कलम लावलं असेल तर तेवढेच मिळतात. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्या गुन्ह्यात आरोपी पळून जाण्याची भीती नाही, तिथे आधी कागद गोळा करावेत, खाती गोठवावीत, मालमत्ता शोधाव्यात आणि मग माणसाला हात लावावा. लोकांचा दबाव याच्या अगदी उलट असतो. चिडलेले ठेवीदार क्रॉफर्ड मार्केटसमोर आयुक्तालयाच्या फाटकावर येऊन विचारतात, "तो अजून बाहेर कसा?" त्यांचा राग खरा असतो. पण त्यांचा पैसा आरोपीच्या कोठडीतून परत येत नाही, तो वेळेत अडवलेल्या खात्यांतून आणि जप्त मालमत्तेतून येतो.

तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, हा गुन्हा आहे की बुडालेला धंदा? बाहेरच्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटतो, आमचा निम्मा तपास त्यावरच उभा असतो. धंदा बुडणं हा गुन्हा नाही. पैसे घेतानाच परत न देण्याचा हेतू होता, किंवा विश्वासाने सोपवलेला पैसा भलतीकडे वळवला, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक आहे, मात्र व्यापारी स्वरूपाच्या तक्रारीत आधी प्राथमिक चौकशी करता येते. या चौकशीत हेतू शोधायचा कसा? मनात काय होतं ते कुणी लिहून ठेवत नाही. मी नेहमी पहिल्या महिन्यात आलेल्या पैशांचं काय झालं ते बघायचे. बिल्डरने बुकिंगची रक्कम घेतली, वास्तुविशारदाचे पैसे दिले, महापालिकेत शुल्क भरलं आणि पुढे परवानगी अडकली, तर तो बहुधा दिवाणी वाद. तशा प्रकरणात प्रामाणिकपणे 'सी' समरी, म्हणजे प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे असा न्यायालयाला द्यायचा अहवाल पाठवावी, ओढूनताणून गुन्हा उभा करू नये. पण त्याच बिल्डरने एकच फ्लॅट तिघांना विकला आणि पहिल्याच आठवड्यात रक्कम बायकोच्या कंपनीत फिरवली, तर हेतू कागदावरच दिसतो.

गुन्हा दाखल झाल्यावर पहिले काही तास खाती गोठवण्याचे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १०६ खाली होतं. बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला पत्र, डेबिट फ्रीझची (खात्यातून पैसे काढणं बंद केल्याची) पोच, न्यायदंडाधिकाऱ्यांना अहवाल. यात एक दिवस गेला तर पैसा आणखी चार खाती पुढे जातो. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस शोरूमबाहेर लोकांनी गर्दी केली ते आठवत असेल. मॉइसनाइटचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे हातात देऊन आठवड्याला परतावा देण्याची योजना होती, फिर्याद दिली ती दादरच्या एका भाजीविक्रेत्याने, शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात. तपास तिथून आर्थिक गुन्हे शाखेकडे आला. अशा योजनांत पहिल्या महिन्यांचा परतावा अगदी वेळेवर मिळतो आणि तोच सगळ्यात मोठा प्रचार असतो. मागून आलेल्याच्या पैशातून पुढच्याला दिलं जातं. परतावा थांबला म्हणून लोक तक्रार करायला येतात, तेव्हा पैसा बराच निघून गेलेला असतो.

आता खरं काम. बँकेकडून खातेउतारा येतो तो शेकडो पानांचा असतो. नवीन उपनिरीक्षक मोठ्या रकमांवर लाल पेन फिरवायला लागतात. मी त्यांना आधी शिल्लक रकमेचा रकाना वाचायला सांगायचे. ज्या खात्यात दिवसभरात ४० लाख येतात आणि संध्याकाळी आठशे रुपये उरतात, ते खातं कुणाचंच नसतं, तो नुसता रस्ता असतो. मग खातं उघडतानाचा अर्ज, केवायसीची कागदपत्रं आणि सहीचं नमुना कार्ड मागवायचं. एका प्रकरणात चार कंपन्या होत्या, चार वेगळे संचालक, चार पत्ते, वरवर काही संबंध नाही. अर्ज शेजारी शेजारी ठेवले तर चारही खात्यांना ओटीपीसाठी दिलेला मोबाइल नंबर एकच. संचालकांपैकी एकजण मशीद बंदरच्या एका गाळ्यात चहा-पाणी बघणारा मुलगा. त्याने धनादेश पुस्तकावर सगळ्या सह्या एकाच दिवशी करून दिल्या होत्या आणि त्याबद्दल त्याला महिन्याला किरकोळ रक्कम मिळत होती. तो मुलगा आरोपी की साक्षीदार? मी त्याला साक्षीदार केलं. त्या गाळ्यात रोज कोण येतं, पिशव्या कोण नेतं हे सांगू शकणारा तोच एकटा होता.

त्याच प्रकरणात खरा माणूस सापडला तो धनादेशाच्या मागच्या बाजूवर. बेअरर चेक वटवून रोख रक्कम काढली की काउंटरवर मागे सही घेतात, बऱ्याचदा मोबाइल नंबरही लिहून घेतात. उताऱ्यात फक्त 'रोख' एवढंच दिसतं. मूळ धनादेश बँकेच्या रेकॉर्डमधून काढायला लागला, शाखा व्यवस्थापक कंटाळले, पण मागची सही मुख्य आरोपीच्या मेहुण्याची निघाली. तू या कामात आलीस तर हे लक्षात ठेव, मूळ कागद मागवायचा आणि त्याच्या दोन्ही बाजू बघायच्या. सही कुणाची यावर वाद झाला की नमुना सह्या हस्ताक्षर तज्ज्ञाकडे जातात. मोबाइल, हार्ड डिस्क कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात.

रोख निघाली की माग बहुतेक वेळा बँकेबाहेर जातो. मुंबईत ती वाट भुलेश्वर, काळबादेवी, झवेरी बाजारातून जाते. हवाल्यात पावती नसते, दहाच्या किंवा वीसच्या नोटेचा नंबर हीच खूण. इकडे पैसे देणारा तो नंबर पुढे कळवतो, तिकडे ती नोट दाखवणाऱ्याला रक्कम मिळते. म्हणून झडतीत मोबाइलमध्ये एका मळक्या नोटेचा फोटो सापडला तर तो सोडायचा नाही. तसंच डायऱ्यांचं. त्यांत शून्यं गाळून आकडे लिहिलेले असतात, 'पाच' म्हणजे पाच लाख की पाच कोटी हे एकट्या डायरीवरून ठरत नाही. बँकेतल्या एखाद्या ठळक नोंदीशी तारीख जुळवली की डायरीचं माप सापडतं आणि मग सगळी पानं वाचता येतात. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला रोजमेळ एक असतो आणि पेनड्राइव्हवरचा दुसरा. खतावणी वाचता येणाऱ्या माणसाला इथे जी मदत होते ती कुठल्या प्रशिक्षणाने होत नाही. तुझं बी.कॉम. इथे कामाला येईल.

कागदावर विश्वास किती ठेवायचा हेही हे काम शिकवतं. पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध घातले, सुरुवातीला खातेदारांना एक हजार रुपयेच काढता येत होते. एचडीआयएल या बांधकाम समूहाची थकलेली कर्जं झाकण्यासाठी २१ हजारांहून जास्त बनावट कर्जखाती दाखवली होती, असं तपासात पुढे आलं. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तर फेब्रुवारी २०२५ मध्ये १२२ कोटींची रोकडच कमी असल्याचा गुन्हा दाखल झाला. प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतली रोकड हिशोबाशी ताडून पाहिल्यावर ते उघड झालं. पुस्तकात रक्कम होती, तिजोरीत नव्हती. मोजायचं म्हणजे हाताने मोजायचं.

सगळ्यात जड जातं ते ठेवीदारांचे जबाब घेणं. निवृत्त गिरणी कामगार, मोलकरणी, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेले रिक्षावाले. प्रत्येकाची पावती, तारीख, रक्कम, मिळालेला परतावा, कुणाच्या सांगण्यावरून गुंतवले, हे सगळं नोंदवावं लागतं. पाचशेव्या जबाबालाही तीच काळजी लागते, कारण कोर्टात कुठला साक्षीदार उभा राहील हे आपल्या हातात नसतं. मध्येच एखादी बाई विचारते, "मॅडम, नवऱ्याला सांगू नका हं, त्यांना माहीत नाही." तिला काय सांगायचं हे कुठल्याही नियमावलीत नाही. मी जबाब थांबवून पाणी द्यायचे, मग पुढे जायचे. पण घरी कळू नये म्हणून पत्त्याच्या जागी दुसरा पत्ता लिहू द्यायचे नाही.

एजंटांचा प्रश्न त्याहून अवघड. चाळीतली, सोसायटीतली, भिशीतली ओळखीची माणसं असतात. कमिशन घेतलेलं असतं आणि स्वतःच्या सासूचे पैसेही घातलेले असतात. ठेवीदार म्हणतात यालाच आधी पकडा. सरसकट सगळ्यांना आरोपी केलं तर साक्षीदार उरत नाहीत, सगळ्यांना सोडलं तर अन्याय होतो. माझी कसोटी एकच असायची, परतावा थांबल्याचं कळल्यानंतरही त्याने नवीन लोकांकडून पैसे घेतले का? घेतले असतील तर तो आरोपी. या एका तारखेसाठी त्याचे व्हॉट्सअॅप संदेश आणि बँक नोंदी जुळवायला आठवडे गेले तरी घालवावेत.

संगणकीय पुराव्याबाबत आता कायदा जास्त काटेकोर आहे आणि ते चांगलंच झालं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा, लागते. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. पंचनाम्यात सीलवर कुणाच्या सह्या, मुद्देमाल किती वाजता सील केला, हे नेमकं हवं. खटला उभा राहतो तेव्हा तपास अधिकाऱ्याची दोन-तीनदा बदली झालेली असते आणि उलटतपासणीत बचावाचा नामांकित वकील त्या एका वेळेवर तासभर प्रश्न विचारतो. केस डायरी चांगली लिहिलेली असेल तर उत्तर देता येतं. आठवणीवर कुणी टिकत नाही.

ठेवीदारांसाठी आपल्या राज्यात एक खास कायदा आहे, १९९९ चा, सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. ठेवी बुडवणाऱ्या वित्तीय संस्थेच्या चालकांना त्यात सहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्याची खरी ताकद मालमत्ता जप्तीत आहे. आम्ही मालमत्ता शोधून प्रस्ताव पाठवायचा, शासन अधिसूचना काढतं, सक्षम प्राधिकारी म्हणून महसूल खात्याचा अधिकारी नेमला जातो, विशेष न्यायालय जप्ती कायम करतं, मग विक्री आणि वाटप. २०१३ च्या एनएसईएल (नॅशनल स्पॉट एक्सचेंज) या वस्तुबाजाराच्या घोटाळ्यात सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटींच्या आसपास अडकले होते. ती संस्था या कायद्याखाली 'वित्तीय संस्था' ठरते की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये ठरते असा निकाल आला. नऊ वर्षं. वेग कमी आहे, हे मी लपवणार नाही. पण सुरुवातीला मालमत्तेची यादी नीट केली नसती तर शेवटी वाटायलाही काही राहिलं नसतं. फ्लॅटचा सातबारा नसतो, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) काढावा लागतो, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघावं लागतं, बँकेचं तारण आहे का ते तपासावं लागतं. हे कंटाळवाणं काम ज्याने केलं, त्याच्या प्रकरणात लोकांना पैसे मिळतात.

आता परीक्षांचं. आर्थिक गुन्हे शाखेत थेट भरती होत नाही. एमपीएससीच्या गट-ब अराजपत्रित परीक्षेतून उपनिरीक्षक व्हायचं, त्यात शारीरिक चाचणी असते आणि मुलींना उंची १५७ सेंटिमीटर लागते. नाशिकच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण, मग पोलीस ठाण्यात नेमणूक. आर्थिक गुन्हे शाखेत पुढे बदलीने येता येतं. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ३८,६०० पासून. एसएससीची सीजीएल, म्हणजे केंद्र सरकारच्या पदांसाठीची पदवीधरांची परीक्षा दिलीस तर आयकर निरीक्षक, जीएसटी निरीक्षक, सीबीआय उपनिरीक्षक, ईडीतला सहायक अंमलबजावणी अधिकारी ही पदं आहेत. आयकर निरीक्षकाचं मूळ वेतन ४४,९०० पासून, नेमणूक मात्र देशात कुठेही. सीए झालीस तर एसएफआयओ आहे, म्हणजे कंपनी कायद्याखाली मोठे घोटाळे तपासणारी केंद्राची यंत्रणा, शिवाय तपास यंत्रणांना लागणारं फॉरेन्सिक ऑडिट आहे. सीएची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) सुरू केली असशील तर अर्धवट सोडू नकोस. केली नसशील तर निव्वळ तपासासाठी सीएच्या मागे लागायची गरज नाही.

ईडी की पोलीस? ईडीचा कायदा कडक आहे, जामीन अवघड आहे, पण मनी लॉन्डरिंगचा (गुन्ह्यातला पैसा वैध भासवण्याचा) गुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. आधी दुसऱ्या यंत्रणेने, बहुतेक वेळा पोलिसांनी, अनुसूचित गुन्हा, म्हणजे त्या कायद्याच्या यादीतला मूळ गुन्हा, नोंदवलेला लागतो. जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तो मूळ गुन्हा रद्द झाला किंवा आरोपी त्यातून निर्दोष सुटला, तर मनी लॉन्डरिंगचा खटलाही टिकत नाही. म्हणजे पोलीस ठाण्यात लिहिलेली फिर्याद जितकी पक्की, तितकं वरचं सगळं पक्कं. मला विचारशील तर ठेवीदारांसमोर बसून काम करायचं असेल तर एमपीएससी दे. माणसांपेक्षा कंपन्यांच्या ताळेबंदात जास्त रस असेल तर सीजीएल किंवा सीए. कुठेही गेलीस तरी एक्सेलमधलं पिव्होट टेबल, टॅली आणि कंपनी निबंधकांकडची कागदपत्रं वाचणं आजपासून शिक.

पोलिसात आलीस तर तपासाशिवाय बरंच काही अंगावर येतं. गणपती विसर्जनाला बंदोबस्त, निवडणुकीला बंदोबस्त, आणि दोषारोपपत्राची मुदत मात्र तीच. लाच कुणी टेबलावर आणून ठेवत नाही, ती ओळखीच्या माणसाच्या तोंडून निरोपासारखी येते. तो निरोप आला की त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवायचं, उद्यावर टाकायचं नाही.

काकांबद्दल. त्या योजनेवर गुन्हा दाखल असेल तर तपास अधिकाऱ्याकडे जाऊन जबाब नोंदवायला सांग, पेपरात वाचून घरी बसू नये. ज्यांचा जबाब आणि कागद नोंदलेले नाहीत, त्यांचं नाव पुढे ठेवीदारांच्या यादीत येणं अवघड होतं. पावत्या, बाँड, बँकेचा उतारा, एजंटशी झालेले संदेश, सगळ्याच्या दोन प्रती काढा. मूळ कागद मागितले तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत किंवा लेखी पोच घेतल्याशिवाय देऊ नका. 'क्लेम काढून देतो' म्हणून संघटना काढणारे आणि टक्केवारी मागणारे लोक प्रत्येक घोटाळ्यानंतर येतात, त्यांना एक रुपया देऊ नका. आणि आजवर मिळालेला परतावा काकांनी जबाबात पूर्ण सांगावा. लोक तो दडवतात, कारण वाटप करताना तो वजा होईल असं वाटतं. बँकेच्या उताऱ्यात तो दिसतोच आणि मग त्यांच्या बाकीच्या दाव्यावरही शंका येते.